उपमहापौरांच्या तोडीचा माणूस

दाढ सुजल्याची बातमी सकाळी नऊ वीसला आली, आणि कादंबरी हातातल्या फुलदाणीसकट जवळच्या खुर्चीत बसली.

दाढ होती ब्युर्गरमायस्टरांची. हॅनोव्हरच्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, मुख्य महापौरांच्या हाताखाली असे मानद ब्युर्गरमायस्टर असतात. फिती कापायच्या, शंभरी गाठलेल्या आजींना फुलं द्यायची, ही त्यांची कामं. त्यांतला एक मिळवायला कादंबरीने सहा आठवडे घालवले होते. पत्रं, फोन, पुन्हा पत्रं, आणि दोनदा स्वतः जाऊन राटहाउसच्या बाकावर बसणं. आता त्यांची सेक्रेटरी फोनवर शांतपणे सांगत होती की साहेबांचा गाल टेनिसच्या चेंडूएवढा झाला आहे आणि ते कुठेही येऊ शकत नाहीत, लाइडर, दुर्दैवाने.

“दुसरं कोणी?”

“मेसेचा आठवडा आहे, फ्राउ करंबेळकर. सगळे त्या प्रदर्शनाला गेलेत.”

कादंबरीने फोन ठेवला आणि समोर बघितलं. कारखान्याच्या हॉलमध्ये एका बाजूची यंत्रं ढकलून मंच उभा केला होता. त्यावर सहा खुर्च्या, लांब टेबल, पुढे बुटकी फुलं. फुलं बुटकीच हवीत, चेहरे झाकता कामा नयेत, असं चीनहून आलेल्या तिसऱ्या फॅक्समध्ये लिहिलं होतं. पहिल्या फॅक्समध्ये सहा मीटरच्या लाल कापडाची मागणी होती; त्यावर पिवळ्या अक्षरांत चिनी आणि जर्मन मजकूर. कापड आलं तेव्हा त्यावर ‘करंबेळकर’ चुकीचं छापलेलं होतं आणि ते पुन्हा करून घ्यावं लागलं. दुसरा फॅक्स झेंड्यांबद्दल होता. चौथा सर्वांत मोठा: मंचावर कोण कोणाच्या डाव्या हाताला बसणार. त्यात एक वाक्य अधोरेखित केलेलं होतं. ‘आमच्या उपमहापौरांच्या तोडीची व्यक्ती यजमानांच्या बाजूने उपस्थित असणे आवश्यक.’

आणि हे सगळं कशासाठी? कोऱ्या कागदासाठी. खरा करार दुपारी तीनला नोटारच्या, म्हणजे नोटरीच्या, ऑफिसात व्हायचा होता. नोटार तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवणार, मग सह्या. कंपनीचा चाळीस टक्के हिस्सा चीनच्या मॅडम फान यांच्या कंपनीकडे जाणार, आणि करंबेळकरांचे पंप चीनमधल्या नळपाणी योजनांमध्ये बसणार. अकराच्या कार्यक्रमात सही व्हायची होती ती ‘मैत्री आणि सहकार्याच्या निवेदना’वर, ज्यात एकही आकडा नव्हता. तिच्या नवऱ्याने, सुमितने, लाल मखमलीच्या दोन फाइली मागवल्या होत्या. आत एकेक पान.

सुमित हॉलच्या दारातून घाईघाईने आला. “बस येतेय. पंधरा मिनिटांत.”

“ब्युर्गरमायस्टर येत नाहीयेत,” कादंबरी म्हणाली.

सुमितचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बावीस वर्षं ती हा चेहरा बघत होती. काही बिनसलं की तो आधी वडिलांच्या खोलीच्या दिशेने बघे, मगच बायकोकडे.

“बाबांना सांगू नकोस,” तो म्हणाला.

पण वासुदेव करंबेळकर तिथेच होते. चाचणीच्या बाकाशेजारी, निळा डगला घालून, एका पंपाचं झाकण उघडून बसलेले. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ते रोज सकाळी सातला कारखान्यात येत. रसायनं थेंब-थेंब मोजून पाण्यात सोडणारे हे पंप त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी एका भाड्याच्या गराजमध्ये बनवायला सुरुवात केली होती. बहुतांश हिस्सा अजून त्यांच्याच नावावर होता.

“ऐकलं मी,” ते म्हणाले. “उत्तम झालं.”

*

बस आली. दरवाजा उघडला आणि एकट्या मॅडम फान खाली उतरल्या.

ऊर्मिला ऑफिसच्या खिडकीतून बघत होती. सुमितची ही थोरली बहीण ड्युसेलडॉर्फला वकील होती, कराराचा मसुदा तिनेच तपासला होता, आणि तिला तो मुळीच आवडला नव्हता. काल रात्रीच्या गाडीने ती आली ती वडिलांच्या बाजूने उभी राहायला.

“बाकीचे उतरत का नाहीत?” तिने विचारलं.

सुमितची मुलगी अन्वी एर्लांगेनच्या विद्यापीठात चिनी शिकत होती आणि नुकतंच एक सत्र चीनमध्ये काढून आली होती. आजच्या दिवसापुरती दुभाषी तीच. ती बसपाशी जाऊन आली आणि जर्मनमध्ये म्हणाली, “उपमहापौर लियांग बसमध्येच थांबणार. त्यांच्या बरोबरीचं कोणी स्वागताला नाही, हे त्यांच्या सेक्रेटरीला कळलंय.”

“म्हणजे ते रुसलेत?”

“नाही गं, आत्या. आल्झो, म्हणजे, ते खूप चांगले आहेत. मला संत्रं दिलं. पण त्यांना असं उतरता येत नाही. उद्या तिथे कोणी म्हणेल, जर्मनांनी आमच्या शहराला किंमत दिली नाही. मग त्यांनाच बोलणी बसतील.”

“आणि ते मंचावर आले नाहीत तर?”

“तर मॅडम फान सही करणार नाहीत. इथे पण नाही आणि नोटारकडे पण नाही.”

ऊर्मिला भावाकडे वळली. “ऐकलंस? मी तुला फेब्रुवारीत काय म्हणाले होते? ही बाई खाजगी कंपनीची मालकीण आहे म्हणतोस. मग तिच्याबरोबर उपमहापौर कशाला? त्यांच्या कारखान्यात पक्षाची शाखा आहे, हे तिच्या माहितीपत्रकात छापलंय, फोटोसकट. तू कंपनी कोणाला विकतोयस, तिला की सरकारला?”

“विकत नाहीये. चाळीस टक्के.”

“आज चाळीस.”

“ताई, गेल्या दोन वर्षांत मी आठ माणसं कमी केली. एकेकाला समोर बसवून सांगितलं. तू होतीस तेव्हा? बाबा होते? बाबा त्या दिवशी मुद्दाम डॉक्टरकडे गेले.”

कादंबरी मध्ये पडली. “भांडण नंतर करा. मला अकरा वाजेपर्यंत एक अधिकारी पाहिजे. कुठलाही. पोस्टमास्तर चालेल का, अन्वी?”

“मम्मा!”

“मी गंमत करत नाहीये. ऊर्मिलाताई, तुम्ही वकील आहात, कोणी न्यायाधीश वगैरे ओळखीचे?”

“ड्युसेलडॉर्फला. आणि असते तरी मी बोलावलं नसतं,” ऊर्मिला म्हणाली. पण कादंबरीचे डोळे बघून तिने आवाज उतरवला. या मुलीने सहा आठवडे एकटीने हे सगळं ओढलं होतं. घरात कोणी तिला साधं विचारलंही नव्हतं.

“आपल्या भागाच्या बेझिर्क्सब्युर्गरमायस्टरिन आहेत की,” सुमित अचानक म्हणाला. “फ्राउ ल्युडर्स. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे त्यांचं.”

फ्राउ ल्युडर्स या भागाच्या निवडून आलेल्या प्रमुख होत्या. पगार नाही, अधिकार जवळजवळ नाहीत, पण पदाच्या नावात ब्युर्गरमायस्टर हा शब्द होता. अडचण एकच होती. चार वर्षांपूर्वी वासुदेवांनी फाटकाजवळचं लिंडेनचं जुनं झाड ट्रक वळवायला परवानगीशिवाय तोडलं होतं. फ्राउ ल्युडर्सनी ते प्रकरण भागाच्या सभेत नेलं. दंड झाला, वर्तमानपत्रात आलं. तेव्हापासून वासुदेव चष्मा करायलासुद्धा तीन ट्राम-थांबे पलीकडे जात.

“बाबा म्हणाले तर येतील त्या,” कादंबरी म्हणाली.

“आणि बाबा म्हणतील?” ऊर्मिलाने विचारलं.

सुमित उठला. “मी विचारून बघतो.”

तो दोन मिनिटांत परत आला. वासुदेवांचं उत्तर असं होतं: तीनला मी नोटारकडे येईन, शब्द दिलाय तो पाळीन, पण या तमाशासाठी मी त्या बाईच्या दुकानाची पायरी चढणार नाही. माल चांगला असेल तर मंत्री कशाला लागतो?

*

मॅडम फान दरम्यान स्वतःच हॉलमध्ये फिरत होत्या. पंचावन्न-छप्पन्नच्या असाव्यात. राखाडी सूट, पायात सपाट बूट, हात जाडसर आणि बोटांची नखं अगदी मुळापाशी कापलेली. त्या चाचणीच्या बाकाशी येऊन थांबल्या. वासुदेवांनी मान वर केली नाही.

त्यांनी बाकावरचा पंप उचलला, कानाशी धरून हाताने फिरवला, आणि काहीतरी म्हणाल्या.

अन्वी धावत आली. आजोबांशी ती मोडकं का होईना, मराठी बोले. त्यांनी ती अट लहानपणीच घातली होती. “आजोबा, त्या विचारतात, हा व्हॉल्व्हचा बॉल सिरॅमिकचा का नाही? आवाजावरून स्टीलचा वाटतो.”

आता वासुदेवांनी मान वर केली. “सांग त्यांना, सिरॅमिकचा फुटतो. थंडीत.”

“त्या म्हणतात, त्यांचा नाही फुटत. भाजायची पद्धत वेगळी.”

“कोणाची पद्धत?”

“त्यांची स्वतःची. त्या आधी लेथवर होत्या.”

वासुदेवांनी शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. मॅडम फान बसल्या. मग पंधरा मिनिटं बॉल, सीट आणि रबराचा पडदा याशिवाय काही बोलणं झालं नाही. अन्वीला अर्धे शब्द कुठल्याच भाषेत येत नव्हते. दोघं एकमेकांना बोटांनी दाखवत होते. वासुदेवांना मनातून वाटलं, ही बाई आपल्यातली आहे. आणि म्हणूनच त्यांना तिचा जास्त राग आला.

“विचार हिला,” ते म्हणाले, “एवढं कळतं, तर हे लाल कापड आणि बसमधला नवरदेव कशाला? हात स्वच्छ आहेत, माल स्वच्छ आहे. मग कोणाच्या मागे लपायचं?”

अन्वी घुटमळली. “मी ‘नवरदेव’ नाही सांगणार.”

“बाकीचं सांग.”

मॅडम फाननी ऐकलं. त्या रागावल्या नाहीत. पंप खाली ठेवून त्या बोलू लागल्या, थांबत थांबत, अन्वीला वेळ देत.

त्र्याऐंशी साली त्यांनी डुकरांच्या रिकाम्या गोठ्यात तीन लेथ लावले. अकरा कामगार. तेव्हा खाजगी माणसाने सातपेक्षा जास्त कामगार ठेवले की तो शोषण करणारा ठरे. म्हणून कारखाना कागदोपत्री गावाचा झाला. पाटी लागली ती गावाच्या नावाची. उद्घाटनाला गावचे पक्ष-सचिव पहिल्या रांगेत, आणि मॅडम फान शेवटच्या रांगेत, कामगार म्हणून.

“याला तिकडे म्हणतात...” अन्वीने शब्द शोधला. “लाल टोपी घालणं.”

वासुदेव खुदकन हसले. “आमच्याकडे टोपी घालणं म्हणजे फसवणं.”

अन्वीने ते सांगितलं. मॅडम फान इतक्या मोठ्याने हसल्या की मंचाजवळ उभ्या असलेल्या कामगारांनी वळून बघितलं.

“त्या म्हणतात, बरोबर आहे. फक्त कोण कोणाला घालत होतं, हे कधी कळलं नाही.”

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पलीकडच्या गल्लीत नट-बोल्ट करणारा एक जण होता. माल त्यांच्यापेक्षा चांगला. त्याने टोपी घातली नाही. म्हणाला, माझा माल बोलेल. एके सकाळी त्याला सट्टेबाज ठरवून घेऊन गेले. परत आला तेव्हा त्याला लेथसमोर उभं राहवत नव्हतं. स्वतः मॅडम फानना मात्र चौदा वर्षांनी आपलाच कारखाना गावाकडून विकत घेता आला. पण म्हणून सगळं संपलं नाही. अजूनही बँकेला, जमिनीच्या कचेरीला, नळपाणी योजनेच्या साहेबाला पहिला प्रश्न हाच पडतो, की ही बाई कोणाची? म्हणून त्या जिल्ह्याच्या सल्लागार परिषदेवर आहेत. म्हणून कारखान्यात पक्षाची खोली आहे, सोफा आहे, त्यावर कोणी बसत नाही. उपमहापौरांचा परदेशी महापौराबरोबर मंचावर फोटो निघाला की तो भिंतीवर लागतो. ज्याच्या भिंतीवर फोटो नाही त्याच्याकडे दर महिन्याला तपासणीस येतो.

“म्हणजे तुम्ही घाबरता,” वासुदेव म्हणाले.

“हो,” मॅडम फान म्हणाल्या. “तुम्ही कधी नाही घाबरलात? परक्या देशात?”

वासुदेवांनी पाठ सरळ केली. हे ते शेकडो वेळा बोलले होते. मुलांसमोर, कामगारांसमोर, पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरसमोर. “मी ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन बँकेत गेलो. एकटा. टेबलावर पसरली. त्यांनी ड्रॉइंग बघितलं आणि कर्ज दिलं. मी कोणाचा हात धरला नाही, कोणाच्या दारात उभा राहिलो नाही.”

अन्वी भाषांतर करायला वळली, तेवढ्यात मागून आवाज आला.

“एकटे?”

वासुदेवांच्या पत्नी अहिल्याबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे ऊर्मिला आणि सुमित.

“अगं, तू कशाला—”

“अहो, एकतीस वर्षं ऐकतेय मी. घरात ऐकलं, पाहुण्यांत ऐकलं, गप्प बसले. म्हटलं, बोलू दे, पुरुषाला असतं काहीतरी. पण आज ही बाई बिचारी खरंखरं सांगतेय, आणि तुम्ही तिच्या तोंडावर...” त्यांनी ट्रे बाकावर ठेवला, जरा जोरातच. “दोनदा परत पाठवलं होतं बँकेने. दुसऱ्यांदा तर कोटसुद्धा काढू दिला नाही. तिसऱ्यांदा हेर ओल्डेकोप आले होते ना बरोबर?”

“कोण ओल्डेकोप?” ऊर्मिलाने विचारलं.

“आपले घरमालक. खालच्या मजल्यावरचे. नगरसभेत होते तेव्हा. तू पंधरा वर्षांची होतीस, तुला आठवत असतील, कुत्रा होता त्यांचा. मी गेले होते त्यांच्याकडे. यांना न सांगता. दारात उभी राहिले, जर्मन येत नव्हतं धड. म्हटलं, बिट्टं, माझ्या नवऱ्याबरोबर चला. आले. आणि कर्ज झालं.”

वासुदेवांनी पुसायचं फडकं उचललं आणि आधीच कोरडे असलेले हात पुसले.

अन्वी हळूच म्हणाली, “आजोबा, हे सांगू का यांना?”

“नको,” ऊर्मिला म्हणाली.

“सांग,” वासुदेव म्हणाले.

ऊर्मिला वडिलांकडे बघत राहिली. ती आज यांच्या बाजूने भांडायला आली होती, सोबत चार पानांचे मुद्दे घेऊन. पहिलाच मुद्दा होता: ही कंपनी कोणाच्याही आश्रयाशिवाय उभी राहिली आहे.

पण फुटला तो सुमित. आवाज चढवला नाही त्याने. तो हसला, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं.

“पंधरा वर्षं, बाबा. पंधरा वर्षं मी कोणाला एक फोन केला नाही. कोणाची शिफारस मागितली नाही. का? तर बाबा एकटे गेले होते. ऑर्डर गेली की तुम्ही जेवताना म्हणायचात, ड्रॉइंगमध्ये काहीतरी कमी पडलं असणार. मी रात्र-रात्र ड्रॉइंग बघत बसायचो. कमी काहीच नव्हतं! ओल्डेकोप कमी होता!”

“सुमित,” अहिल्याबाई म्हणाल्या.

“नाही आई, तू पण. तुला माहीत होतं.”

मॅडम फान स्टुलावर निश्चल बसल्या होत्या. भाषा कळत नसली तरी बाकी सगळं कळत असावं. त्यांनी चहाचा एक कप उचलून अहिल्याबाईंच्या हातात दिला.

वासुदेव उठले. निळा डगला काढून खुंटीला अडकवला, कोट घातला आणि कोणाकडेही न बघता फाटकाबाहेर गेले.

“गेले,” कादंबरी म्हणाली. ती नुकतीच बसमध्ये सफरचंदाचा केक देऊन आली होती आणि तिला फक्त सासऱ्यांची पाठ दिसली. “आता काय झालं? आता कोण बोललं काय त्यांना? अकराला वीस मिनिटं आहेत, आणि या घरात एक माणूस जागेवर राहील तर शपथ!”

*

चष्म्याच्या दुकानाचं दार उघडलं की घंटी वाजे. वासुदेव घंटी थांबेपर्यंत दारातच उभे राहिले.

फ्राउ ल्युडर्स एका ग्राहकाच्या नाकावर चौकट बसवत होत्या. त्यांनी बघितलं, ओळखलं, आणि ग्राहकाचं काम आधी पुरं केलं.

“हेर करंबेळकर. चष्मा मोडला?”

“नाही.” वासुदेवांनी टोपी काढली. या देशात अडतीस वर्षं झाली होती, जर्मन त्यांना स्वप्नातही पडे, तरी शब्द सुचेनात. शेवटी त्यांनी जसं होतं तसं सांगितलं: बस, उपमहापौर, फुगलेला गाल, लाल कापड. “तुमच्याशिवाय मला इथला कोणी अधिकारी ओळखत नाही. आणि तुम्ही ओळखता ते झाडामुळे.”

“झाड दीडशे वर्षांचं होतं.”

“हो.”

“तुम्ही सभेत म्हणाला होतात, झाडाचा कारखान्याला काय उपयोग.”

“म्हणालो होतो. चूक होती ती.”

फ्राउ ल्युडर्सनी चष्मा पुसायचं कापड घडी करून ठेवलं. “मला अधिकार काही नाहीत, हे माहीत आहे ना तुम्हाला? बाकं कुठे बसवायची आणि मुलांच्या घसरगुंडीला कुठला रंग द्यायचा, एवढं ठरवतो आम्ही. महापौरांची गळ्यातली साखळी-बिखळी नाही माझ्याकडे. फक्त एक बरं जॅकेट आहे.”

“जॅकेट चालेल.”

“चौतीस माणसं आहेत ना तुमच्याकडे?”

“सव्वीस. आठ गेली.”

त्यांनी काचेवर ‘लवकरच परत येते’ची पाटी लावली. “शरद ऋतूत दोन लिंडेन लावाल. फाटकाच्या दोन्ही बाजूंना.”

“ट्रक वळणार नाही,” वासुदेव सवयीने म्हणाले. मग लगेच, “बरं. दोन.”

*

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी बसचं दार उघडलं.

लियांग यांच्या सेक्रेटरीने अन्वीला बाजूला घेऊन खात्री केली होती. या भागात किती लोक राहतात? चाळीस हजारांवर. निवडून आलेल्या? हो. पदाचं चिनी नाव काय? अन्वीने सांगितलं, ‘छ्युजांग’. भागप्रमुख. शब्दशः अगदी खरं होतं. सेक्रेटरीचा चेहरा खुलला. त्यांच्याकडे छ्युजांग म्हणजे लाखो लोकांवरचा, गाड्या-ड्रायव्हर असलेला अधिकारी. मॅडम फाननी सकाळीच बसमधून कोपऱ्यावरच्या दुकानात फ्राउ ल्युडर्सना चष्मे मांडताना पाहिलं होतं आणि बेझिर्क म्हणजे काय, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी अन्वीकडे बघितलं आणि पापणी किंचित लववली.

उपमहापौर लियांग उतरले. उंच, थकलेला, भला माणूस. त्यांनी फ्राउ ल्युडर्सचा हात दोन्ही हातांत घेतला. दोघं मंचाच्या मधोमध बसली. फ्राउ ल्युडर्स पाच मिनिटं बोलल्या. या भागात कोण कोण कुठून येऊन राहिलं, कोणी काय उभं केलं. आणि करंबेळकरांचा कारखाना इथला आहे, असं त्या म्हणाल्या. ‘इथला’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. सव्वीस कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मखमली फाइली उघडल्या, मिटल्या, बदलल्या. कॅमेरे चमकले. कोऱ्या कागदासारख्या त्या कागदावर सुमितने सही केली.

ऊर्मिला मंचाखाली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. “तीनच्या आधी मला मसुद्याचं सातवं कलम पुन्हा बघायचंय,” ती पुटपुटली. “तिचा हिस्सा ती दुसऱ्या कोणाला विकणार असेल तर आधी आपल्याला विचारायला हवं. उद्या हिच्या डोक्यावर कोणी नवी टोपी घातली तर?”

“म्हणजे तुम्ही करू देणार?”

“मी कोण करू देणारी?” ऊर्मिलाने एक सुस्कारा सोडला. “तू काही खाल्लंस का सकाळपासून?”

कादंबरीने नुसती मान हलवली आणि डोळे पुसले.

*

दीडपर्यंत बस गेली. सगळ्यांना तीनला नोटारकडे भेटायचं होतं. सुमित एकटाच हॉलमध्ये खुर्च्या मिटून ठेवत होता. कामगारांना त्याने जेवायला पाठवलं होतं. वासुदेव आले आणि दुसऱ्या टोकापासून खुर्च्या मिटायला लागले.

“सुमित,” वासुदेव म्हणाले.

“आत्ता नको, बाबा.”

“बरं.”

आणखी दोन रांगा झाल्या. मग सुमितनेच विचारलं, पाठमोऱ्यानेच. “काय म्हणाले होते ते?”

“कोण?”

“ओल्डेकोप. बँकेत.”

वासुदेव खुर्ची हातात धरून उभे राहिले. “काही नाही. कोट काढला, बसले, आणि मॅनेजरला म्हणाले, ‘इष केनं इन.’ मी ओळखतो यांना. मग तासभर खिडकीबाहेर बघत होते. बोललो सगळं मीच.”

“एवढंच?”

“एवढंच. म्हणून मला नंतर वाटायला लागलं, त्यात त्यांनी असं काय केलं? ड्रॉइंग तर माझं होतं.” त्यांनी खुर्ची मिटली. “ते वारले तेव्हा मी लग्नाला पुण्याला गेलो होतो. ऊर्मिलाच्या. पत्रही नाही लिहिलं.”

सुमितने हातातली खुर्ची भिंतीला टेकवली. त्याचा राग गेला नव्हता. तो पुष्कळ दिवस जाणार नव्हता, हे त्याला स्वतःलाही कळत होतं. पण त्याच्या आत दुसरंही काहीतरी बरेच दिवस अडून होतं.

“ड्युसेलडॉर्फला ते झायडेल आहेत ना,” तो म्हणाला. “तुमच्या जुन्या कंपनीतले. आता तिथल्या मोठ्या प्रकल्पाची खरेदी बघतात. तीन वर्षं मला भेटीची वेळ देत नाहीत.”

“झायडेल? अरे, तो तर माझ्या हाताखाली... तू मला कधी—” का नाही सांगितलं, ते त्यांना आता विचारता येत नव्हतं.

“पुढच्या मंगळवारी जायचं म्हणतोय. चला माझ्याबरोबर.”

“कितीची गाडी?”

“सात एकतीस.”

वासुदेवांनी मान हलवली. शेवटची खुर्ची मिटली, आणि ती सुमितच्या हातात देत म्हणाले, “पण बोलायचं तू. मी फक्त बसेन.”